प्रायोगिक मसल कार ओळखायची कशी: नंबर, तारखा आणि कागद

मसल कार म्हणजे साधारण १९६० आणि ७० च्या दशकांतल्या मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन गाड्या. अशा एखाद्या जुन्या फोर्ड मस्टँगमध्ये किंवा शेव्हरोले कॅमेरोमध्ये कुठल्याच कॅटलॉगात नसलेला भाग सापडला, की विकणारा लगेच ती फॅक्टरीची प्रायोगिक गाडी असल्याचे सांगू लागतो. बहुतेक वेळा तो भाग एखाद्या मालकाने किंवा डीलरने नंतर बसवलेला असतो. पण कधीकधी खरोखरच डेट्रॉइटच्या इंजिनिअरिंग विभागातून सुटलेली गाडी एखाद्या शेतातल्या शेडमध्ये पडून असते आणि तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघतसुद्धा नाही. या दोन्हींतला फरक वेगळ्या दिसणाऱ्या भागावरून कळत नाही. बॉडीवरचा नंबर, भागांवरच्या तारखा आणि कंपनीचे कागद या तिन्ही गोष्टी एकच हकिगत सांगत असतील, तरच गाडी प्रायोगिक मानायची. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. नवे लोक नेमका उलटा क्रम लावतात, म्हणजे आधी भाग बघतात आणि मग कागद शोधतात, आणि तिथेच फसतात.

पायरी १: गाडी कुठल्या प्रकारची असू शकते ते ठरवा

कारखान्याबाहेर सरसकट सगळ्यांना प्रोटोटाइप म्हणतात, पण प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा पुरावाही वेगळा असतो.

पहिला प्रकार प्रदर्शनाच्या गाड्यांचा. जनरल मोटर्सच्या स्टायलिंग विभागातल्या अशा प्रकल्पांना ‘एक्सपी’ने सुरू होणारे क्रमांक असत. पाँटिअॅकची बॅन्शी म्हणजे एक्सपी-८३३. तिच्या दोन गाड्या बनल्या, एक चंदेरी कूपे आणि एक पांढरी कन्व्हर्टिबल. दुसरा प्रकार चाचणीच्या गाड्यांचा, ज्यांना इंजिनिअर ‘म्यूल’ म्हणतात. बाहेरून साधी बॉडी आणि आत भलतेच इंजिन किंवा सस्पेन्शन, अशी त्यांची घडण. तिसरा प्रकार पायलट गाड्यांचा. नियमित उत्पादन सुरू होण्याआधी असेंब्ली लाइन तपासायला, कामगारांना शिकवायला आणि जाहिरातीच्या फोटोंसाठी या गाड्या बनत. चौथा प्रकार अधिकाऱ्यांसाठी बनवलेल्या एकुलत्या एक गाड्यांचा. १९६८ ची झेड-२८ ही कॅमेरोची वेगवान आवृत्ती फक्त कूपेत मिळायची, पण शेव्हरोलेचे प्रमुख पीट एस्टेस यांच्यासाठी एक कन्व्हर्टिबल झेड-२८ बनली. तशी दुसरी बनली नाही.

या चार प्रकारांत न बसणारे पण सतत गोंधळ करणारे आणखी दोन प्रकार आहेत. ‘कोपो’ म्हणजे शेव्हरोलेच्या सेंट्रल ऑफिसची उत्पादन ऑर्डर. कोपो ९५६० या क्रमांकाखाली १९६९ मध्ये अॅल्युमिनियमच्या ४२७ घनइंची झेडएल-१ इंजिनाच्या ६९ कॅमेरो बनल्या. गाडी दुर्मीळ, पण ते नियमित उत्पादनच होते. दुसरा प्रकार डीलरने बदललेल्या गाड्यांचा. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा येन्को किंवा शिकागोचा निकी हे डीलर नव्या गाड्यांत मोठी इंजिने बसवून विकत. या गाड्यांनाही मोल आहे, पण त्या कारखान्याच्या प्रायोगिक गाड्या नव्हेत. विकणाऱ्याला सरळ विचारा, की यातला कुठला प्रकार. नेमके उत्तर मिळत नसेल, तर दावा अजून कच्चा आहे.

पायरी २: ओळख क्रमांक वाचा, पण त्याच्याकडून नसलेली माहिती मागू नका

सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची रचना वेगळी होती, त्यामुळे आजच्या डिकोडर संकेतस्थळावर जुना नंबर टाकलात तर चूक दाखवेल किंवा काहीच दाखवणार नाही. मसल कारच्या काळात तीन मुख्य पद्धती होत्या.

फोर्ड: उदाहरणासाठी ८आर०१एस१२३४५६ असा नंबर घ्या. ८ म्हणजे १९६८, आर म्हणजे सॅन होजे कारखाना (डिअरबॉर्नसाठी एफ, मेटचनसाठी टी), ०१ म्हणजे हार्डटॉप (०२ फास्टबॅक, ०३ कन्व्हर्टिबल), एस म्हणजे ३९० घनइंची इंजिन आणि पुढचे सहा आकडे अनुक्रम. अनुक्रम १००००१ पासून सुरू होतो. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात असलेल्या पहिल्या मस्टँगचा नंबर ५एफ०८एफ१००००१ आहे.

क्रायस्लर: बीएस२३आर०बी ने सुरू होणारा नंबर म्हणजे बॅराकुडा, ‘स्पेशल’ किंमत श्रेणी, दोन दरवाजांची हार्डटॉप, ४२६ हेमी (क्रायस्लरचे नावाजलेले ताकदवान इंजिन), १९७० आणि हॅमट्रॅमॅक कारखाना. इथे पाचवे अक्षर महत्त्वाचे. आर म्हणजे हेमी, व्ही म्हणजे तीन कार्बोरेटरांचे ४४०, यू म्हणजे एका चार-बॅरल कार्बोरेटरचे ४४०. इंजिन नंबरातच असल्याने खोटी हेमी बनवायला नंबराच्या पट्टीशी खेळावे लागते.

शेव्हरोले: पहिल्या पायलट कॅमेरोचा नंबर १२३३७७एन१००००१. यात १ म्हणजे शेव्हरोले, २३ म्हणजे सहा सिलिंडरांची कॅमेरो, ३७ म्हणजे कूपे, ७ म्हणजे १९६७ आणि एन म्हणजे ओहायोतला नॉरवुड कारखाना. व्ही-८ असेल तर तिसरा आकडा ३ ऐवजी ४. कुठले व्ही-८ ते या नंबरात कुठेच नसते. म्हणून ‘व्हीआयएनवरूनच कळते ही झेड-२८ आहे’ असे १९६९ च्या कॅमेरोबद्दल कोणी म्हणाले, तर त्याला विषय माहीत नाही किंवा तो तुम्हाला माहीत नसल्याचा फायदा घेतो आहे. १९६९ च्या हंगामात डिसेंबर १९६८ च्या आसपासपासून नॉरवुडच्या बॉडी पट्टीवर (बॉडीचे कोड ठोकलेली धातूची पट्टी) एक्स-३३ आणि एक्स-७७ हे कोड येऊ लागले आणि तेच झेड-२८ चे निदर्शक आहेत. त्याआधीच्या गाडीसाठी दुसरे पुरावे लागतात.

अनुक्रम अगदी लहान असला म्हणजे गाडी पायलट, असेही नाही. नियमित उत्पादनाच्या पहिल्या दिवसाच्या गाड्यांचेही नंबर लहानच असतात. आणि म्यूल बऱ्याचदा लाइनवरून उचललेल्या साध्या गाडीपासून बनते, तिचा अनुक्रम मधलाच कुठलातरी असतो.

पायरी ३: लपवलेले ठसे शोधा

डॅशबोर्डवरची पट्टी दोन रिव्हेटांवर असते आणि रिव्हेट काढता येतात. जनरल मोटर्सने १९६५ पासून फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याच्या रिव्हेट वापरल्या. तशाच नकली रिव्हेट आज विकत मिळतात, त्यामुळे रिव्हेट बरोबर दिसली म्हणून पट्टी मूळचीच, असे धरू नका. बॉडीच्या पत्र्यात ठोकलेला नंबर खरा आधार आहे.

१९६८ आणि १९६९ च्या कॅमेरोत नंबराचा शेवटचा भाग दोन ठिकाणी लपलेला असतो. एक, फायरवॉलवर हीटरच्या ब्लोअर बॉक्समागे. दोन, काचेखालच्या हवेच्या जाळीखाली. १९६७ च्या गाडीत मुख्य पट्टी डॅशवर नसून ड्रायव्हरच्या दरवाजाच्या बिजागरीच्या खांबावर असते. मस्टँगमध्ये नंबर इंजिनच्या खोलीत आतल्या एप्रनच्या वरच्या कडेला ठोकलेला असतो, काही जागी तो फेंडरच्या कडेखाली झाकला जातो. क्रायस्लरच्या १९६८ नंतरच्या गाड्यांत रेडिएटरच्या आडव्या सपोर्टवर आणि मॉडेलप्रमाणे डिकीच्या कडेला किंवा काउलवर (समोरच्या काचेखालच्या पत्र्यावर) अर्धा नंबर ठोकलेला सापडतो.

शोधताना सँडपेपर, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावायचा नाही. मिनरल स्पिरिट आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून आडवा प्रकाश टाका, मग रंगाखाली बुजलेले आकडेही उठून दिसतात. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि एक फोटो आजूबाजूचा भाग दिसेल असा लांबून घ्या. नुसते जवळचे फोटो नंतर कोणाच्या गाडीचे आहेत हे सिद्ध करता येत नाही.

पायरी ४: तारखांचा मेळ घाला

प्रायोगिक गाडी असेल तर ती इथेच ओळखू येते. जुन्या अमेरिकन गाडीच्या प्रत्येक मोठ्या भागावर तारीख असते: ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, काचा, सीटबेल्टचे लेबल. वहीत दोन स्तंभ करा, एकात भाग, दुसऱ्यात तारीख. कारखान्यात काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपूर्वीपर्यंत ओतलेले भाग गाडीत बसत. गाडी बनल्याच्या तारखेनंतरचा भाग दिसला, तर तो बदललेला आहे.

ओतीव तारखांची वाचण्याची पद्धत कंपनीगणिक बदलते. शेव्हरोलेत सी १४ ९ म्हणजे मार्च १४, १९६९. महिन्याला ए ते एल अक्षरे आणि वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. फोर्डमध्ये ७सी१४ म्हणजे १९६७, मार्च, १४. फोर्ड आय अक्षर वगळते, त्यामुळे सप्टेंबर जे होतो आणि डिसेंबर एम. याच एका अक्षरावर नवे लोक एक महिना चुकतात. क्रायस्लरच्या बऱ्याच ओतीव भागांवर तारीख साध्या आकड्यांत लिहिलेली असते.

जनरल मोटर्सच्या बॉडी पट्टीवर महिन्याचा आकडा आणि आठवड्याचे अक्षर असते. ०८ए म्हणजे ऑगस्टचा पहिला आठवडा, ०२सी म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा. यात वर्ष नसते, हे लक्षात ठेवा. १९६७ च्या कॅमेरोवर मे महिना दिसला, तर तो मे १९६६ की मे १९६७? नॉरवुडमध्ये नियमित उत्पादन ऑगस्ट १९६६ मध्ये सुरू झाले, म्हणून मे १९६६ चा अर्थ पायलट गाडी. उत्तर अनुक्रमात आहे. मे १९६७ पर्यंत नॉरवुडचा अनुक्रम दोन लाखांच्या पुढे गेलेला होता. नंबर १०००३० च्या जवळपास असेल आणि काचा, ब्लॉक, सीटबेल्ट सगळे १९६६ च्या पहिल्या सहामाहीचे असतील, तर पुढे जाण्यासारखे काही हाती लागले आहे. नॉरवुडच्या हाताने जुळवलेल्या पायलट गाड्यांचा आकडा ४९ सांगितला जातो आणि कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस कारखान्याच्या ३. त्यातली पहिली, सोनेरी रंगाची सहा सिलिंडरांची कूपे, आजही अस्तित्वात आहे.

म्यूलच्या बाबतीत मात्र हा नियम सैल करावा लागतो. चाचणीच्या गाडीत एकामागून एक इंजिने बसत आणि निघत. तिचे इंजिन गाडीपेक्षा वर्षभर नवे असले तरी त्यामुळे दावा आपोआप पडत नाही. तसेच ‘नंबर जुळतात’ एवढ्यावरून म्यूल सिद्धही होत नाही. तिथे कागदच लागतात.

पायरी ५: इंजिनावरचा शिक्का नीट पाहा

शेव्हरोले व्ही-८ मध्ये उजव्या हेडच्या पुढे एक सपाट जागा असते. तिथे कारखान्याचे अक्षर, महिना-दिवस आणि शेवटी इंजिनाचा कोड ठोकलेला असतो. व्ही०११०डीझेड असे असेल तर व्ही म्हणजे फ्लिंट, १० जानेवारी, आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड-२८ चे ३०२ घनइंची इंजिन. ती जागा यंत्रावर घासून सपाट केलेली असल्याने तिच्यावर एकमेकींना समांतर बारीक रेघा असतात. दहापट भिंगातून त्या रेघा आकड्यांच्या खालून सलग जाताना दिसायला हव्यात. जागा गुळगुळीत असेल, रेघा मध्येच तुटत असतील किंवा गोल घासल्याच्या खुणा असतील, तर नंबर पुसून पुन्हा ठोकलेला आहे. ब्लॉक कधी रीतसर दुरुस्त करताना वरून घासला जातो आणि त्यात नंबर जातो. ती लबाडी नव्हे, पण पुरावा तेवढ्यापुरता संपतो.

प्रायोगिक भागांची क्रमांकपद्धती वेगळी असते आणि ती शिकून घेणे फार फायद्याचे. फोर्डचा नियमित इंजिनिअरिंग क्रमांक सी६एई असा सुरू होतो: सी म्हणजे १९६० चे दशक, ६ म्हणजे १९६६, तिसरे अक्षर गाडीचे आणि ई म्हणजे इंजिन विभाग. प्रायोगिक भागांवर त्याऐवजी एक्सई किंवा एसके ने सुरू होणारे क्रमांक सापडतात. शेव्हरोलेच्या प्रायोगिक भागांवर शून्याने सुरू होणारे क्रमांक आढळतात. असा क्रमांक ओतलेला न मिळता हाताने एकेक आकडा ठोकलेला मिळणे साहजिक आहे, कारण पाच-दहा नगांसाठी कायमचा साचा कोणी करत नाही. वाळूच्या साच्यातले खरबरीत ओतकाम, यंत्राऐवजी हाताने कापलेले कंस, आतल्या बाजूने काचतंतूंचे विस्कटलेले धागे दिसणारे फायबरग्लास, या त्याच कारणाच्या खुणा.

पण एक्सई क्रमांकाचा भाग हा फक्त भाग आहे. असे भाग रेसिंग संघांना मिळत, कर्मचाऱ्यांच्या गॅरेजमधून बाहेर पडत, स्वॅप मीटमध्ये विकले जात. तो कुठल्याही गाडीत कुणीही बसवू शकतो. गाडीशी त्याचे नाते सिद्ध करायला त्याच्यासाठी बदललेला पत्रा दाखवावा लागतो: खास छिद्रे, वेल्ड केलेले आधार, गिअरबॉक्सवरचा बदललेला बोगदा. आणि त्या बदलावर मूळचाच रंग हवा.

पायरी ६: छिद्रे, ठिगळे आणि रंग

चाचणीची गाडी म्हणजे चाकांवरची प्रयोगशाळा. तिच्यात तापमान, दाब, फिरकी मोजायची साधने बसवलेली असतात. फायरवॉलमध्ये कारण नसलेली गोल छिद्रे, मॅनिफोल्डमध्ये नळीसाठी पाडलेले आणि नंतर बुजवलेले आटे, मागच्या सीटखाली यंत्रे बांधण्याचे बोल्ट, डॅशखाली कुठेच न जाणाऱ्या वायर, या गोष्टी जपून बघा. विकण्याआधी अशा गाड्या साध्या रूपात आणल्या जात, त्यामुळे भाग गेलेला असतो आणि छिद्र उरते. छिद्राच्या कडेला मूळचा रंग आत वळलेला आहे की नंतर ड्रिलने रंग फाटला आहे, हे भिंगातून कळते.

रंगाची जाडी मोजायचे यंत्र विकत घ्या, स्वस्तातले चालेल. त्या काळच्या कारखान्यातल्या रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. दारावर १२० आणि मागच्या फेंडरवर ६०० आले, तर तिथे पुट्टी आहे. प्रत्येक पॅनेलवर किमान पाच ठिकाणी मोजा. काचतंतूच्या पॅनेलवर साधे यंत्र चालत नाही. खास रंगाच्या गाडीसाठी पट्ट्यांकडेही बघा. क्रायस्लरच्या फेंडर पट्टीवर (इंजिनच्या खोलीत फेंडरला लावलेली कोडची पट्टी) ९९९ हा रंगाचा कोड म्हणजे खास मागवलेला रंग. फोर्डच्या अशा गाडीच्या पट्टीवर रंगाची जागा मोकळी असते आणि जिल्हा ऑर्डर क्रमांक (गाडी कुठल्या विक्री जिल्ह्यातून मागवली त्याचा कोड) दोनऐवजी सहा आकड्यांचा होतो.

फोर्डच्या या जिल्हा क्रमांकात ८४ असेल तर गाडी कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या राखीव कोट्यातली. सुरुवातीची खूण म्हणून ती चांगली आहे, पण पुरावा म्हणून अपुरी, कारण अधिकाऱ्यांच्या वापरातल्या साध्या गाड्याही त्याच कोट्यातून जात.

पायरी ७: कंपनीचे कागद मागवा

फोर्डचे काम त्यातल्या त्यात सोपे. १९६७ पासूनची उत्पादन नोंद मार्टी ऑटो वर्क्सकडे आहे आणि त्यांच्या अहवालात गाडी कशी ऑर्डर झाली आणि कोणी ऑर्डर केली ते येते. सर्वांत मोठ्या अहवालात वेगवेगळ्या टप्प्यांच्या तारखाही मिळतात. पाँटिअॅकसाठी पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस मूळ इनव्हॉइसची प्रत देते. डीलरच्या नावाच्या जागी कंपनीच्याच एखाद्या विभागाचे नाव आले, तर तो कागद सोन्यासारखा जपा.

शेव्हरोलेचे हाल आहेत. बहुतेक कारखान्यांच्या तपशीलवार नोंदी टिकल्याच नाहीत. एनसीआरएस या कॉर्व्हेट जतन करणाऱ्यांच्या संघटनेकडून ठरावीक वर्षांच्या गाड्या कुठल्या डीलरला कधी पाठवल्या एवढे कळते. गाडी कॅनडात विकली गेली असेल तर जनरल मोटर्स कॅनडाची नोंद फार तपशीलवार असते, म्हणून कॅनडाच्या संबंधाचा धागा कधी सोडू नका. क्रायस्लरच्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाड्यांसाठी फेंडर पट्टी आणि ब्रॉडकास्ट शीट (गाडीत काय बसवायचे ते कामगारांना सांगणारा कारखान्याचा कागद) हेच मुख्य. ही शीट मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, पेट्रोलच्या टाकीवर किंवा गालिच्याखाली सापडते. तिच्यावर गाडीचा नंबर असतो, तो आधी ताडून पाहा, कारण कामगार घाईत दुसऱ्याच गाडीची शीट आत टाकत. फेंडर पट्टी खालून वर वाचायची. तिच्यावर ई७४ म्हणजे हेमी. नव्या बनवलेल्या पट्ट्या बाजारात मिळतात, त्यामुळे एकट्या पट्टीवर निर्णय नको.

दोन ओळख क्रमांक असलेल्या गाड्यांत हमखास चूक होते. शेल्बी ही फोर्डच्या मस्टँग बदलून आपल्या नावाने विकणारी कंपनी. १९६७ ची ‘लिटल रेड’ ही शेल्बी जीटी-५०० ची लाल प्रायोगिक कूपे, काळ्या व्हिनाइलच्या छताची. ती नष्ट झाली असेच अनेक दशके मानले जात होते. शोधणारे शेल्बीच्या क्रमांकाने शोधत राहिले. पण शेल्बी बनण्याआधी ती फोर्डची मस्टँग होती आणि तिला फोर्डचा नंबर होता. त्या नंबराने शोध घेतल्यावर ती उत्तर टेक्ससमध्ये सापडली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बॅरेट-जॅक्सन या गाड्यांच्या लिलाव कंपनीचे क्रेग जॅक्सन यांनी ते जाहीर केले. तिची बहीण, १९६८ ची ‘ग्रीन हॉर्नेट’, हिच्यात कॉनेलेकची इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याची यंत्रणा, मागे स्वतंत्र सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. कुठलीही शेल्बी, हर्स्ट किंवा कार क्राफ्ट अशा बाहेरच्या कंपनीने बदललेली गाडी तपासताना दोन्ही नंबर स्वतंत्रपणे शोधा. बॉस ४२९ मस्टँगच्या दरवाजावर केके १२०१ पासून सुरू होणारा कार क्राफ्टचा क्रमांक असतो आणि फोर्डच्या नंबरात इंजिनचे अक्षर झेड. दोन्ही एकाच गाडीला लागू पडतात का, ते मार्टी अहवालातून कळते.

पायरी ८: गाडी कारखान्यातून बाहेर कशी आली?

हा प्रश्न नवे लोक विचारतच नाहीत, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. प्रायोगिक गाड्या सहसा चिरडल्या जात. क्रायस्लरने ५५ टर्बाइन गाड्या बनवल्या, त्यातल्या ४६ नष्ट केल्या आणि ९ उरल्या. सुरक्षेचे आणि धुराचे नियम आल्यावर प्रमाणित नसलेली गाडी विकणे आणखी कठीण झाले. तेव्हा वाचलेल्या गाडीला वाचण्याचे कारण असते: कर्मचाऱ्याला विकली, रेसिंग संघाला दिली, संग्रहालयात गेली, साधी करून डीलरकडे पाठवली. ते कारण आणि त्याचा कागद विचारा. पहिल्या नोंदणीपासून आजपर्यंतच्या मालकांची साखळी लिहून काढा. कुठे दहा वर्षांची फट असेल तर ती मोकळेपणाने फट म्हणूनच नोंदवा. राज्याने नंतर दिलेला नवा ओळख क्रमांक गाडीवर असेल, तर मूळ नंबर का गेला याचे उत्तर मिळेपर्यंत थांबा. ओळख क्रमांक बदलणे किंवा काढणे हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे, आणि अशी गाडी विकत घेणाऱ्याच्या हातून जप्त होऊ शकते.

तोंडी हकिगत टाकून देऊ नका, पण तिला तपासण्याजोग्या तुकड्यांत फोडा. ‘माझे वडील जनरल मोटर्सच्या मिलफर्डच्या चाचणी मैदानावर होते आणि त्यांनी ही गाडी १९७१ मध्ये घेतली’ या वाक्यात तीन गोष्टी आहेत: नोकरीची नोंद, मिलफर्डचा संबंध आणि १९७१ ची नोंदणी. प्रत्येकीचा वेगळा कागद शोधा. जुन्या मासिकांतले चाचणीचे फोटो फार कामाचे असतात. नंबरप्लेट, पत्र्यावरचा पोचा, जाळीतला एखादा तुटका दात अशा खुणा फोटोशी जुळवून गाडी ओळखता येते.

पायरी ९: हात लावण्याआधी थांबा, मग दाखवा

खरी प्रायोगिक गाडी हाती आली असे वाटले, तर धुण्याआधीच सगळीकडून फोटो काढा. सीटखालचा कचरा, गालिचाखालचे कागद, डॅशमागच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून प्रत्येकीवर जागा लिहा. रंग काढू नका, ठोकलेले नंबर पॉलिश करू नका, चुकीचा वाटणारा भाग ‘बरोबर’ भागाने बदलू नका. प्रायोगिक गाडीत चुकीचा वाटणारा भागच कदाचित मूळचा असतो. अति उत्साहाने केलेल्या रिस्टोरेशनमध्ये अशा गाड्यांचा पुरावा कायमचा जातो, आणि हे नुकसान भरून येत नाही.

मग त्या मॉडेलचा तज्ज्ञ गाठा, सगळ्या गाड्यांचा जाणकार नव्हे. शेल्बीसाठी शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाइल क्लबची नोंदवही आहे. शिकागोजवळच्या रोझमाँटला दर नोव्हेंबरमध्ये मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स भरते, तिथे अशा गाड्या आणि त्यांना ओळखणारे लोक एकाच छताखाली भेटतात. क्रायस्लरसाठी पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलचा मेळावा. डेट्रॉइट आणि शिकागो भागात राहणाऱ्या मराठी वाचकांना ऑगस्टमधली वुडवर्ड ड्रीम क्रूझही जवळच आहे. रस्त्याच्या कडेला उभे राहून शंभर खऱ्या, न बदललेल्या गाड्यांचे इंजिन, पट्ट्या आणि वेल्ड बघितले, की वेगळेपण डोळ्यांना आपोआप जाणवू लागते.

तज्ज्ञाकडे जाताना निष्कर्ष नेऊ नका, फाइल न्या: सगळ्या ठशांचे फोटो, तारखांचे दोन स्तंभ, रंगाच्या जाडीची मोजणी, मालकांची साखळी आणि कंपनीचा अहवाल. त्याचे मत लेखी घ्या, त्यात गाडीचा पूर्ण नंबर आणि लपवलेल्या ठशांचा उल्लेख असावा. गाडी घेणार असाल तर करारात विकणाऱ्याचा दावा शब्दशः लिहून घ्या, ‘१९६७ च्या नॉरवुड पायलट गाड्यांपैकी एक’ असा, आणि तो खोटा ठरल्यास पैसे परत मिळण्याची अट सही होण्याआधीच त्यात घालून घ्या.